ताप कधीपासून?

संस्थेच्या बैठकीत माझं नाव पुढे आलं त्याचं कारण एकच. मी अर्ज चांगले लिहितो. वीसेक वर्षं मराठी शिकवतोय. रजेचा अर्ज, निरोप समारंभाचं मानपत्र, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीसाठी आगारप्रमुखांना निवेदन, कॉलेजातलं असलं सगळं लिखाण माझ्या टेबलावर येऊन पडतं. त्यामुळे मेडिकल लॅबचा कोर्स काढायचं ठरल्यावर प्रस्ताव कोण लिहिणार यावर कुणी फार चर्चा केली नाही. प्राचार्य म्हणाले, "सर, समन्वयक तुम्हीच व्हा. विज्ञानाचं आम्ही बघतो." विज्ञानाचं कुणी काय बघितलं ते पुढे येईलच.

आमचं कॉलेज तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे जाणाऱ्या बाजूला, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. कला आणि वाणिज्य पहिल्यापासूनचं, विज्ञान मागाहून आलेलं. मुलं हापूसवाल्यांची, खलाशांची, आणि ज्यांचं दोन्ही नाही त्यांची. बी.ए. झालं की मुलगे मुंबईला मामाकडे, मुली घरी, लग्न होईपर्यंत. दर जूनला प्रवेश थोडे थोडे घटत होते. त्याच सुमाराला, २०१६ साली, दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडले. आमच्यापासून ते लांब, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पण जिल्हा एकच. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप, तर आमच्याकडे दर पावसाळ्यात ठरलेलाच. लावणीच्या दिवसांत प्रत्येक वाडीत तापाचा माणूस, आणि रक्त तपासायला कणकवली गाठायची म्हणजे दिवस गेला. लॅबचं शिक्षण इथे देता आलं तर मुलांना काम मिळेल आणि गावाला तपासणारं माणूस मिळेल, असा साधा हिशेब होता.

कोकणातल्या बऱ्याच संस्थांसारखं आमचंही एक मुंबई मंडळ आहे. पैसा तिकडून येतो, सूचनाही तिकडूनच येतात. परळच्या एका हॉलमध्ये बैठक झाली. तिथे अर्ध्या लोकांना नर्सिंग कॉलेज हवं होतं. नर्सिंगला मागणी आहे, परदेशात नोकरी आहे, सगळं खरं. पण बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय दाखवा, इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष पाळा, आणि संलग्नता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची घ्या. १९९८ सालापासून राज्यातली वैद्यकीय, नर्सिंग वगैरे कॉलेजं त्या विद्यापीठाकडे आहेत, मुंबई विद्यापीठाचा तिथे संबंध येत नाही. आमच्या गावात शंभर खाटा जमवायच्या तर मंगल कार्यालयातल्या कॉटसुद्धा मोजाव्या लागल्या असत्या. हे मी तिथे बोललो आणि एक ज्येष्ठ सभासद माझ्यावर जे रागावले ते अजून नीट बोलत नाहीत.

मग बी.व्होक., म्हणजे व्यवसाय शिक्षणाची पदवी, निघालं. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, ही योजना २०१४ ची. तीन वर्षांचा कोर्स. एक वर्ष करून सोडलं तर डिप्लोमा, दोन केली तर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तिन्ही केली तर पदवी. आमच्याकडच्या मुलांना हे सोयीचं होतं, कारण मध्येच घरचं काही निघालं तर हात रिकामे राहत नाहीत. एकूण १८० क्रेडिट. त्यातले १०८ कौशल्याचे आणि ७२ सामान्य शिक्षणाचे, म्हणजे साठ-चाळीस.

या चाळीस टक्क्यांवरून पुढे बरंच रामायण झालं. प्रस्तावावर चर्चा करायला जे जे बसले, त्या प्रत्येकाचं म्हणणं असं की चाळीस टक्क्यांत काहीतरी भरून टाकू. संगणक टाका, इंग्रजी संभाषण टाका, पर्यावरण टाका, संपलं. खरा कोर्स साठ टक्क्यांचा. मी त्यात 'रुग्णाशी संवाद' असा एक पेपर घुसवला. आता खरं सांगायला हरकत नाही. त्या वर्षी मराठी विभागाचा कार्यभार कमी पडत होता आणि माझ्या सहकारी बाईंच्या तासिका भरत नव्हत्या. पेपर घुसवला तो तासिकांसाठी. रुग्णांचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता.

प्रस्ताव, विद्यापीठाची संमती, अभ्यासमंडळ, पाहणी समिती, यात पंधरा महिने गेले. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांनी असला प्रस्ताव केला आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी केला नाही त्यांनी सुखात राहावं. फक्त एवढं सांगतो, समितीने सूक्ष्मदर्शक मोजले तेव्हा ते बारा भरले. त्यातले पाच प्राणिशास्त्राचे होते, तीन वनस्पतिशास्त्राचे, आणि एक शेजारच्या हायस्कुलातून शिपायाने सायकलवरून आणला होता.

जून २०१८ मध्ये पहिली तुकडी बसली. अठरा मुली, चार मुलगे.

शिकवायला माणूस मिळेना. डोंबिवली-पनवेलकडून दोघे आले, राहायची जागा बघितली आणि परत गेले. शेवटी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ मिळाले, जवळच्याच गावचे. तीस-बत्तीस वर्षं रक्त, थुंकी, लघवी तपासून डोळ्यांना जाड चष्मा लागलेला माणूस. पोरं त्यांना लॅबकाका म्हणायला लागली. कागदोपत्री ते 'कौशल्य प्रशिक्षक' होते. माझ्या मते तो कोर्स त्यांनी एकट्याने उभा केला.

शिरेतून रक्त काढायचा सराव करायला रबरी हात मिळतो. आमच्या बजेटात तो बसला नाही. लॅबकाकांनी भांडी घासायचा जाड स्पंज आणला, त्याला चीर पाडून आत सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घातली, वरून जुन्या हातमोज्याचं रबर ताणून बसवलं. नळीत घालायला लाल पाणी हवं होतं. एका मुलीने घरून कोकमाचं आगळ आणलं आणि पाण्यात मिसळलं. रंग अगदी हवा तसा. पंधरा-वीस अंशांत सुई घालायची, शिरेत शिरल्याचा तो बारीकसा 'टप्' हाताला कळला की थांबायचं, मग दट्ट्या मागे. पहिले दोन आठवडे लॅबमध्ये सोलकढीचा वास होता. रबरी पट्टा मिनिटभराच्या वर बांधून ठेवायचा नाही, हे काका घड्याळ बघून शिकवत. कुणी विसरलं तर तोच पट्टा त्याच्या दंडावर बांधून त्याला दोन मिनिटं बसवून ठेवत.

नळ्यांचा क्रम मुलांना पाठ होईना. आधी निळ्या बुचाची, मग लाल, मग जांभळी, शेवटी साखरेसाठी करडी. क्रम चुकला तर एका नळीतलं औषध दुसऱ्या नळीत जातं आणि रिपोर्ट बिघडतो. गिर्ये गावच्या एका मुलाने ते बसवलं: वर निळं आभाळ, खाली लाल माती, मातीत जांभळी करवंदं आणि मग करडा सडा. काकांना कविताबिविता आवडत नाही, पण हे त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं.

पहिला पावसाळा लॅबला लागला. कोकणात पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. स्लाइडही वाळत नाही, हे मला तेव्हा कळलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी धावत स्टाफरूममध्ये आली. "सर, मलेरिया! चारही स्लाइडवर मलेरिया!" रक्त तिच्या वर्गमैत्रिणींचं होतं, चौघीही धडधाकट, बाहेर वडे खात होत्या. काका उठले, भिंगाचं बारीक चाक मागेपुढे फिरवलं आणि मला म्हणाले, "बघा." मी बघितलं. लाल पेशींच्या पोटात चमकणारे ठिपके, गोल गोल. चाक फिरवलं की ते चमकायचे, आणखी फिरवलं की काळे पडायचे. काका म्हणाले, "जंतू असा चमकत नाही. हे पाणी. हवेत ओल आहे, फिल्म हळू वाळली, पेशीत पाणी अडकलं." त्या दिवसापासून स्लाइड ओढली की लगेच टेबलफॅनसमोर धरायची असा नियम झाला. वीज गेली की वहीने वारा घालायचा.

रंगाचंही तसंच. लीशमनच्या रंगात स्लाइड सारखी गुलाबीच यायची, पांढऱ्या पेशींची केंद्रकं फिकट. आठवडाभर सगळ्यांनी रंगाच्या बाटलीला शिव्या दिल्या. मग रसायनशास्त्राच्या मॅडमनी सहज आमच्या विहिरीचं पाणी तपासलं. जांभ्यातलं पाणी, आम्ल निघालं. रंग धुवायला ६.८ पीएचचं बफर, म्हणजे आम्लता एकसारखी ठेवणारं द्रावण, लागतं आणि आम्ही स्लाइड सरळ विहिरीच्या पाण्यात बुडवत होतो. मॅडमनी बफर करून दिलं. त्या पाण्यात आम्ही वर्षानुवर्षं चहा करून पितोय, त्याने मात्र कुणाला काही झालेलं नाही.

सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांना बुरशी धरली तेव्हा मात्र मी हबकलो. प्राणिशास्त्राचे सर शांत होते. त्यांच्या कपाटात बारा महिने चाळीस वॅटचा पिवळा दिवा जळत असतो, त्याची आम्ही इतकी वर्षं टिंगल करत होतो. त्या उबेने भिंगं कोरडी राहतात. आमच्या नव्या कोऱ्या कपाटात दिवा नव्हता, नुसतं लॅमिनेट होतं. सरांनी एका शब्दाने सुनावलं नाही. नुसता एक होल्डर आणि वायर आणून दिली.

या प्राणिशास्त्राच्या सरांविषयी आणखी एक सांगायला हवं. आमच्या भागात फुरसं फार. कातळावर, आंब्याच्या बागेत, गवताच्या गंजीत. सरांच्या बरण्यांत घोणस, मण्यार, नाग सगळं आहे, पण फुरसं दर वर्षी कुणी ना कुणी आणून देतंच. फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला यंत्र लागत नाही. काचेची कोरी, कोरडी, स्वच्छ नळी घ्यायची, त्यात दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग हलकेच कलती करायची. गुठळी झाली नसेल तर विष अंगात भिनलंय. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही, कारण रक्त गोठायला काचेचा पृष्ठभाग लागतो. हा पाठ सर आणि काका दोघे मिळून घेतात. सर दाढ कशी असते ते दाखवतात, काका नळी. सर दर वेळी महाडचं उदाहरण देतात. डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, विंचवाच्या दंशाने माणसं समोर दगावत होती, आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी तिथे उपयोगी पडते हे त्यांनी कोकणातल्या खेड्यात बसून दाखवलं. 'लॅन्सेट'ने ते छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली त्या दिवशी सरांनी लॅबमध्ये पेढे वाटले, जणू पुरस्कार आमच्या कॉलेजला मिळाला होता.

आता माझ्या पेपरकडे येतो. पहिल्या सत्रात मी जे शिकवलं ते आज आठवलं तरी कान गरम होतात. संवादाचे प्रकार, संवादातले अडथळे, शाब्दिक आणि अशाब्दिक. मुलं लिहून घेत होती, मी सांगत होतो, आणि आम्ही दोघेही कंटाळलो होतो. डिसेंबरात मुलांना पहिल्यांदा आरोग्य केंद्रात पाठवलं. संध्याकाळी फॉर्म परत आले. 'तापाचा कालावधी' या रकान्यात बावीसपैकी बहुतेकांनी लिहिलं होतं, 'काही दिवस'.

मी विचारलं, असं का? एकीने सांगितलं, "सर, आजी म्हणाली, भात झोडला त्या दिवसापासून. मग मी काय लिहू?"

काका मागे बसले होते. ते म्हणाले, "सर, हे महत्त्वाचं आहे हो. लेप्टोची आयजीएम तपासणी, म्हणजे रक्तात प्रतिपिंडं शोधायची, ती पहिल्या तीन-चार दिवसांत केली तर काही दिसत नाही, पाच-सात दिवस जावे लागतात. दिवस चुकला तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस घरी जातो."

तो दिवस माझ्या लक्षात आहे. आमच्याकडे तारीख कुणी सांगत नाही. 'माका ताप इलो तो लावणी सरली त्या दिसाक.' जत्रेच्या दुसऱ्या रात्री. होळी पेटली त्याच्या आदल्या दिवशी. बोट समुद्रातून परत आली ती सकाळ. मुंबईची माणसं गणपतीला आली, तेव्हापासून. प्रत्येकाच्या बोलण्यात दिवस अगदी नेमका असतो, फक्त तो फॉर्मातल्या रकान्यात बसत नाही. आणि ते रकान्यात बसवणं हे कुठल्याही यंत्राचं काम नाही, ते भाषेचं काम आहे. म्हणजे माझं.

दुसऱ्या सत्रापासून मी पुस्तक बंद केलं. दोनशे पानी वही आणली. मुलांनी आपापल्या घरून दुखण्याचे शब्द आणायचे. कसर म्हणजे अंगात मुरलेला बारीक ताप, जो काट्यात दिसत नाही. हुडहुडी वेगळी, ती भरते. घेरी आणि भोवळ एकच का? यावर दोन तास वाद झाला आणि शेवटी 'भोवळ आली की माणूस खाली बसतो, घेरी आली की पडतो' असं ठरलं. ते चूक की बरोबर, मला आजही माहीत नाही, पण त्या वादात मुलं विचारायला शिकली. कुणी 'साखर आसा' म्हणालं की ती तपासून आहे की शेजाऱ्याने सांगितलेली? 'पोटात गोळा' कुठे, बोट ठेवून दाखव. लघवीचा रंग विचारायचा तर बायका 'बरा आसा' म्हणतात. चहासारखा का, असं विचारलं की लगेच 'व्हय, कोऱ्या चायसारखो' येतं. बागेतल्या गुरख्यांशी आणि बोटीवरच्या नेपाळी खलाशांशी हिंदीत बोलायचं आणि त्यांची हिंदीही आमच्याइतकीच कच्ची असते हे लक्षात ठेवायचं.

नाव विचारण्याआधी म्हातारी माणसं आपल्यालाच विचारतात, "तू कोणाचा चेडू गो?" सुरुवातीला मुली लाजून विषय बदलायच्या. मी म्हटलं, उत्तर द्या. वाडी सांगा, आज्याचं नाव सांगा. दोन मिनिटं जातात, पण मग हात पुढे होतो. यावर काकांचा आणि माझा वाद आहे. त्यांचं म्हणणं, पन्नास माणसांची रांग असते तेव्हा आज्याचं नाव सांगायला वेळ नसतो. बरोबरच आहे त्यांचं. मी अजून ऐकलेलं नाही.

अडचणींचं सांगायचं तर पैशाची मोठी होती, पण ती सगळ्यांचीच असते. फीचे हप्ते आम्ही ऋतूंवर बांधले. बागायतदाराच्या घरचा हप्ता मे अखेर, आंबा हातावेगळा झाल्यावर. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा मच्छीमाराकडे काही मागायचं नाही, त्यांचा नारळी पौर्णिमेनंतर. अकाउंटंटने कपाळावर हात मारला, पण वसुली आधीपेक्षा बरी झाली.

खरा त्रास झाला तो प्रात्यक्षिकाच्या जागांचा. सरकारी रुग्णालयात मुलं पाठवली तिथे गर्दीत शिकायला मिळालं. एका खाजगी लॅबने चार मुली घेतल्या आणि दोन महिने त्यांना काउंटरवर पावत्या फाडायला बसवलं. मधल्या वेळेत चहा आणायचा. मी तिथे गेलो तेव्हा मालक हसून म्हणाले, "सर, हेसुद्धा शिक्षणच ना!" मी त्यांच्याकडचा चहा प्यायलो आणि मुलींना घेऊन परत आलो. करारपत्रात 'किती रक्तं काढली, किती स्लाइड बघितल्या' हा तक्ता त्यानंतर आला.

आणि सुईचा प्रसंग. दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, एका छोट्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये होती. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, सुई सरळ कटरमध्ये घालायची आणि पांढऱ्या डब्यात टाकायची, हे तिला झोपेतही पाठ होतं. पण तिथला कटर बंद होता आणि डबा वरपर्यंत भरलेला. तिने टोपण लावलं, सुई बोटात घुसली. ती कुणाला बोलली नाही. कोर्समधून काढतील, घरी कळलं तर कायमचं बंद करतील, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता तिच्या मैत्रिणीने मला फोन केला.

एचआयव्हीविरोधी गोळ्या सुई टोचल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या बऱ्या, खरं तर दोनच तासांत. आमचे एकतीस गेले होते. शेजारच्या बागायतदाराचा आंब्याचा पिकअप घेतला. हायवेला चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग. ती मध्ये बसली होती, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिची मैत्रीण. तिने विचारलं, "सर, गोळ्या किती दिवस?" मी म्हटलं, अठ्ठावीस. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे गणपती, गौरी, विसर्जन, सगळं जाईल. घरी काय सांगू?" भीती रोगाची नव्हती, गोळी कुठे लपवायची याची होती. पहाटे पहिली गोळी घेतली. ज्या रुग्णाची सुई होती तो काकांनी दोन दिवसांत हुडकला, आंगणात चटई घालून त्याच्याशी अर्धा तास बोलले, तो तपासायला तयार झाला. निगेटिव्ह आला आणि डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. कावीळ ब ची तीन इंजेक्शनं तिची आधीच झाली होती, कारण प्रवेशाच्या वेळी आम्ही ती सक्तीची केली होती. त्या सक्तीबद्दल तेव्हा पालकांनी माझ्याशी भांडण काढलं होतं.

त्यानंतर प्रत्येक मुलाच्या ओळखपत्रामागे चार ओळी आहेत. साबण आणि वाहतं पाणी, बोट पिळायचं नाही, लगेच सांगायचं, आणि खाली माझा आणि काकांचा नंबर. पाचवी ओळ मी घातली: 'सांगितल्याबद्दल कुणालाही कोर्समधून काढलं जाणार नाही.' त्या रुग्णालयात आम्ही परत मुलं पाठवली नाहीत.

करोनाच्या दोन वर्षांबद्दल लिहीत नाही. सगळ्यांनी लिहिलंय. आमची पहिली तुकडी पीपीई घालून घशातले स्वॅब घेत होती तेव्हा तिचा निकालही लागलेला नव्हता.

पुढचा प्रश्न कायद्याचा. मार्च २०२१ मध्ये सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. लॅबपासून फिजिओथेरपीपर्यंतचे व्यवसाय त्याच्या छताखाली आले. सहयोगी व्यावसायिकासाठी किमान दोन हजार तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत पसरलेलं. मी पालक सभेत हे वाचून दाखवलं, मग आमचे तास फळ्यावर मांडले. मागून एका बापाने विचारलं, "पण नोंदणी होतली ना?" मी म्हटलं, आज जेवढं लेखी आहे तेवढंच सांगतो, जे लेखी नाही ते सांगणार नाही, आणि ही गोष्ट प्रवेशाच्या फॉर्मवर छापून तुमची सही घेणार आहे. त्या वर्षी सात प्रवेश कमी झाले. संस्थेत मला विचारलं गेलं की हे छापायची काय गरज होती. माझ्याकडे याचं उत्तर आहे, पण ते बैठकीत देण्यासारखं नाही.

मग मानसशास्त्राच्या बाईंना अचानक भाव आला. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र असे या कायद्यातले विषय दूरशिक्षणातून शिकवायला बंदी केली. घरबसल्या मानसशास्त्राची पदवी घेणाऱ्या मुली चौकशीला कॉलेजात यायला लागल्या. इतकी वर्षं बाईंच्या वर्गात नऊ मुलं असायची आणि दर वर्षी विभाग बंद करायचा ठराव यायचा. आता बाईंना रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात मुलं न्यायची आहेत, गावात वृद्धांच्या देखभालीचा सर्टिफिकेट कोर्स काढायचा आहे. इथे घराघरात एकटी म्हातारी माणसं आहेत, मुलं मुंबईला. प्रस्ताव कोण लिहिणार, असं त्यांनी विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

गेल्या पितृपक्षात दुपारी फोन आला. पहिल्या तुकडीतली मुलगी, चारही स्लाइडवर मलेरिया बघणारी. आता एका आरोग्य केंद्रात कंत्राटी तंत्रज्ञ आहे. मागे बाह्यरुग्ण विभागाचा गलका ऐकू येत होता.

"सर, एक आजोबा आहेत. लेप्टोचा संशय आहे. ताप कधीपासून विचारलं तर म्हणतात म्हाळाच्या दिवसापासून. डॉक्टरांनी 'पितृपक्ष' लिहिलंय. पण तो पंधरा दिवसांचा ना?"

मी म्हटलं, म्हाळ कुणाचा, ते विचार. प्रत्येक घरचा म्हाळ ज्याच्या त्याच्या तिथीला असतो.

तिने फोन हातातच धरून विचारलं असावं. मला म्हाताऱ्याचा आवाज ऐकू आला, "बापाशीचो गो. अष्टमीक." मग ती तोंडातल्या तोंडात मोजत होती, नवमी, दशमी, एकादशी.

"आज त्रयोदशी," ती म्हणाली. "सहावा दिवस. रक्त पाठवते सर." आणि फोन ठेवला.